बाबा म्हणतात जाऊ दे, पण बाराशे युरो का सोडायचे?

ताई, माझा भाऊ म्युनिकला असतो. आईबाबा तीन महिने त्याच्याकडे राहून मागच्या महिन्यात परत आले. रिटर्न तिकीट मुंबईतूनच काढलेलं, एका आखाती कंपनीचं, मध्ये त्यांच्याच विमानतळावर प्लेन बदलायचं. म्युनिकला विमान तीन तास लेट सुटलं, टेक्निकल प्रॉब्लेम म्हणे, त्यामुळे पुढची फ्लाइट चुकली आणि दोघं मुंबईला साडेदहा तास उशिरा पोचले. बाबांना शुगर आहे, सगळा वेळ खुर्चीत बसून काढला, हातात फक्त एक सँडविच आणि पाण्याची बाटली. भावाने तक्रार केली तर मेल आला की कारण टेक्निकल म्हणजे आमच्या हाताबाहेरचं, शिवाय आम्ही युरोपियन कंपनी नाही म्हणून तिकडचा कायदा आम्हाला लागू नाही, तरी सदिच्छा म्हणून पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देतो, लिंकवर जाऊन ॲक्सेप्ट करा. भाऊ म्हणतो एखाद्या क्लेम कंपनीला देऊन टाकू. बाबा एसटीतून रिटायर झालेत, ते म्हणतात सुखरूप पोचलो ना, मग जाऊ दे, गाडी लेट होतेच. काय करू? आणि अजून एक, गेल्या आठवड्यात माझी स्वतःची पुणे-नागपूर फ्लाइट पाच तास लेट झाली, उपम्याच्या कपाशिवाय काही मिळालं नाही, तिथे काही मागता येतं का?
एक वाचक, नाशिक

अगं, सगळ्यात आधी भावाला आत्ताच्या आत्ता मेसेज टाक की त्या लिंकवर क्लिक करू नकोस. बाकी सगळं नंतर वाच. युरोपच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की भरपाई कॅश, बँक ट्रान्सफर किंवा चेकनेच द्यायची, व्हाउचर द्यायचं असेल तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते, आणि ती ॲक्सेप्टची लिंक म्हणजे तीच संमती मिळवायची सोय आहे. एकदा हो म्हटलं की मग पैसे मागायला गेलं तर ते तुमचीच संमती तुमच्यासमोर धरतात.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन पॅरिसहून परत येत होते, रात्रीची फ्लाइट कॅन्सल झाली, काउंटरवर दीडशे माणसांची रांग, सासूबाई व्हीलचेअरवर, आणि तिथल्या माणसाने एक टॅब पुढे केला आणि म्हणाला इथे सही करा म्हणजे लगेच हॉटेलची गाडी मिळेल. मी सही केली. हॉटेल तर त्यांना तसंही द्यावंच लागत होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्या सहीत व्हाउचर स्वीकारल्याचंही कलम होतं हे घरी आल्यावर मेल वाचला तेव्हा कळलं. सासूबाई त्यानंतर परदेशी गेल्याच नाहीत, व्हाउचर तसंच पडून एक्स्पायर झालं. दोघींचे मिळून बाराशे युरो होते ते. तेव्हापासून मी हे नियम वाचायला लागले आणि जो भेटेल त्याला सांगत असते.

आता तुमच्या केसकडे. युरोपियन युनियनचा हा नियम म्हणजे रेग्युलेशन २६१/२००४, फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. हा लागू होतो की नाही हे बघताना तिकीट कुठे काढलं, पैसे रुपयात भरले की युरोत, प्रवाशाचा पासपोर्ट कुठला, यातलं काहीच बघायचं नसतं. बघायचं एवढंच की विमान कुठून उडालं. युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही विमानतळावरून उडालं तर कंपनी जगातली कुठलीही असो, आखाती असो, भारतीय असो, नियम लागू. आणि बाहेरून युरोपात जाणारं विमान असेल तर मात्र कंपनी युरोपियन असली तरच लागू. म्हणजे बघ, आईबाबा जाताना, मुंबई ते म्युनिक, याच आखाती कंपनीने लेट केलं असतं तर हा नियम उपयोगाचा नव्हता, लुफ्तान्साने गेले असते तर जातानाही होता. पण परत येताना ते म्युनिकहून निघाले, तिथेच विषय संपला. ‘आम्ही युरोपियन कंपनी नाही’ हे वाक्य खरं आहे पण इथे त्याचा काही संबंध नाही, आणि ते वाक्य मेलमध्ये लिहिणाऱ्यालाही बहुतेक हे ठाऊक असतं, म्हणून मला राग येतो, कारण दहातली कित्येक माणसं ते वाचून गप्प बसत असणार.

कदाचित ते पुढे म्हणतील की म्युनिकहून निघालेलं विमान आमच्या हबला तीनच तास लेट पोचलं, पुढचा उशीर युरोपच्या बाहेर झाला, तो धरायचा नाही. यावरही उत्तर आहे. २०१८ साली युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात, लक्झेंबर्गला, रॉयल एअर मारोक या मोरोक्कोच्या कंपनीविरुद्ध एक केस निकाली निघाली. एक प्रवासी बर्लिनहून कासाब्लांकामार्गे आगादीरला निघाली होती, दोन्ही फ्लाइट एकाच बुकिंगवर, आणि घोळ झाला तो कासाब्लांकाला, म्हणजे युरोपच्या पार बाहेर, तिथे तिची सीट दुसऱ्याच कुणाला दिली आणि ती चार तास उशिरा पोचली. कोर्ट म्हणालं की एका बुकिंगवरचा प्रवास हा एकच प्रवास, मध्ये विमान बदललं तरी तो बर्लिनहूनच सुरू झालेला आहे. म्हणून भावाला विचार की दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर होत्या ना. तुझ्या पत्रावरून तरी तसंच वाटतंय. वेगवेगळी तिकिटं काढून स्वतः जोडलेली असती तर गोष्ट अवघड झाली असती.

‘टेक्निकल प्रॉब्लेम म्हणजे आमच्या हाताबाहेर’ हे तर सगळ्यात जुनं उत्तर आहे. नियमात म्हटलंय की असाधारण परिस्थिती असेल, जी सगळे उपाय करूनही टळली नसती, तर भरपाई द्यायला नको. खराब हवामान, पक्षी धडकणं, विमानतळच बंद होणं, एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, हे त्यात येतं. पण विमान बिघडणं येतं का? डिसेंबर २००८ मध्ये आलितालियाच्या केसमध्ये याचा निकाल लागला. व्हिएन्नाहून रोममार्गे ब्रिंडिसीला जायचं होतं, इंजिनात बिघाड निघाला, सुटायच्या काही मिनिटं आधी फ्लाइट कॅन्सल, रोमची पुढची फ्लाइट चुकली, आणि ती बाई ब्रिंडिसीला तीन तास चाळीस मिनिटं उशिरा पोचली. तिने २५० युरो भरपाई मागितली आणि वर फोनचे १० युरोसुद्धा मागितले. मला ते १० युरो फार आवडतात, आपल्याकडे कुणी मागितले नसते. कोर्टाने सांगितलं की विमानं चालवायची म्हटल्यावर बिघाड होणारच, देखभालीत सापडलेला किंवा देखभाल न केल्यामुळे झालेला बिघाड हा धंद्याचाच भाग आहे, त्याला असाधारण म्हणता येत नाही. आणि असाधारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, तुमची नाही. त्यामुळे मेलमध्ये नुसतं ‘टेक्निकल’ लिहून भागत नाही, नेमकं काय बिघडलं आणि ते का टाळता आलं नसतं हे कागद दाखवून सांगावं लागतं.

पैसे किती? अंतरावर ठरतं. १५०० किलोमीटरपर्यंत २५०, त्यापुढे ३५०० पर्यंत ४००, आणि युरोपबाहेर ३५०० च्या वर असेल तर ६०० युरो. म्युनिक ते मुंबई सहा हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे ६००, प्रत्येक प्रवाशाला. दोघांचे १२००, आजच्या भावाने लाखाच्या वर जातात. तिकीट स्वस्तात मिळालं होतं की महाग, याने यात काही फरक पडत नाही, आणि तिकिटाचे पैसे भावाने भरले असले तरी भरपाई आईची आणि बाबांची, कारण खुर्चीत ते बसले होते. उशीर शेवटच्या ठिकाणी, म्हणजे मुंबईला पोचायला किती झाला तो मोजायचा, म्युनिकला किती लेट सुटलं तो नाही. तीन तास ही हद्द आहे (या लांब अंतराला तीन ते चार तासांत असेल तर निम्मे देता येतात, तुमचे साडेदहा आहेत त्यामुळे पूर्ण). आणि पोचलं म्हणजे चाकं टेकली तेव्हा नव्हे हं, दार उघडलं तेव्हा. साल्झबुर्ग ते कलोन-बॉन अशी एक फ्लाइट होती जर्मनविंग्जची, चाकं टेकली तेव्हा २ तास ५८ मिनिटं उशीर झालेला, जागेवर थांबली तेव्हा ३ तास ३ मिनिटं, आणि २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की दार उघडून प्रवासी उतरू शकतो तेव्हाची वेळ धरायची. पाच मिनिटांवर पैसे मिळाले.

गंमत म्हणजे मूळ नियमात लेट फ्लाइटसाठी पैसे असं लिहिलेलंच नव्हतं, ते फक्त कॅन्सल झालेल्या आणि बोर्डिंग नाकारलेल्या लोकांसाठी होते. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्ट-टोरांटोच्या एका केसमुळे, त्यात एक कुटुंब २५ तास उशिरा पोचलं होतं आणि कंपनी म्हणत होती की ही फ्लाइट कॅन्सल झाली नाही, फक्त लेट झाली, तर कोर्टाने ठरवलं की तीन तास किंवा जास्त उशीर झाला की प्रवाशाचा वेळ तेवढाच वाया जातो, मग भरपाई तीच. म्हणजे आज तुम्ही जे मागणार आहात ते कुणीतरी घरी न बसता शेवटपर्यंत भांडल्यामुळे मागता येतंय.

खाण्यापिण्याचं वेगळं. जेवण, चहापाणी, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथपर्यंतची गाडी, दोन फोन, ही जबाबदारी भरपाईच्या वर आहे, तिच्याऐवजी नाही. आणि ही अशी जबाबदारी आहे की असाधारण परिस्थितीतही सुटत नाही. २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपभर विमानं बंद होती तेव्हा अडकलेल्या एका प्रवाशाने रायनएअरविरुद्ध केस केली, आणि २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की राख तुमच्या हातात नव्हती मान्य, तरी माणसांना खायला आणि झोपायला द्यायलाच हवं होतं. शुगर असलेल्या माणसाला एवढ्या तासांत एक सँडविच, हे वाचून मला फार वाईट वाटलं गं. आईने तिथे स्वतःच्या पैशाने काही घेतलं असेल, चहा, भात, काहीही, आणि बिल पर्समध्ये असेल तर ते शोध, तेही मागायचं. मुंबईहून नाशिकला यायला गाडी सांगून ठेवली होती का? ड्रायव्हरने वेटिंगचे पैसे घेतले असतील तर त्याच्याकडून पावती घे. हा खर्च माँट्रियल करार नावाच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय करारात मागता येतो, भारत २००९ पासून त्यात आहे, त्यात ठरलेली रक्कम नसते, जेवढं नुकसान कागदावर दाखवाल तेवढं, आणि दोन वर्षांच्या आत.

आता बाबा. मला बाबांचं म्हणणं कळतं, खरंच कळतं. आयुष्यभर एसटीत काढलेला माणूस आहे, घाटात गाडी बंद पडल्यावर प्रवाशांच्या शिव्या ज्याने ऐकल्यात, त्याला काउंटरवरच्या पोरीशी भांडणं म्हणजे आपल्याच माणसाशी भांडल्यासारखं वाटणार. त्यांना सांग की हे पैसे त्या पोरीच्या पगारातून जात नाहीत, पायलटच्याही नाही. कंपनी तिकिटाचा भाव ठरवते तेव्हाच हा खर्च तिच्या हिशेबात धरलेला असतो, तुम्ही न मागितल्याने तो कुणा कामगाराला मिळत नाही, कंपनीतच राहतो. आणि हेही सांग की हा नियम केला तो लोकांना खूश करायला नव्हे, लेट करणं महाग पडावं म्हणून, जेणेकरून कंपनी एक विमान राखीव ठेवेल, देखभाल वेळेवर करेल. डेपोत स्पेअर गाडी असली तर घाटात अडकलेल्यांना किती लवकर सोडवता येतं हे बाबांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. त्यांना हे असं सांगितलंस तर मला वाटतं पटेल, आणि नाहीच पटलं तर आईला विचार, सहाशे तिचे स्वतःचे आहेत, तिचा क्लेम बाबांच्या होकारावर अडलेला नाही.

मेल कसा लिहायचा ते सांगते, वकिली भाषेची काही गरज नाही, साधं इंग्लिश चालेल. कंपनीच्या वेबसाइटवर बहुतेक क्लेमचा फॉर्म असतो, तोच भरा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण फॉर्म सबमिट केला की आपल्याकडे कॉपी राहत नाही. दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, पीएनआर, दोन्ही फ्लाइटचे नंबर, तारीख, मुंबईला पोचायची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष पोचल्याची वेळ. मग एक ओळ की रेग्युलेशन २६१/२००४ च्या सातव्या कलमाप्रमाणे प्रत्येकी ६०० युरो, एकूण १२०० युरो द्यावेत, आम्ही म्युनिकहून निघालो त्यामुळे कंपनी कुठली आहे याचा प्रश्न येत नाही. मग एक ओळ की टेक्निकल बिघाड असाधारण धरला जात नाही, तुम्हाला तसं म्हणायचं असेल तर पुरावा पाठवा. मग एक ओळ की व्हाउचर आम्हाला मान्य नाही. खाण्याची बिलं जोडा. आणि १४ दिवसांची मुदत द्या, तारीख टाकून, नुसतं ‘लवकरात लवकर’ लिहू नका. बोर्डिंग पास असतील तर फोटो जोडा, बाबांनी खिशात ठेवलेले बोर्डिंग पास आई कपडे धुताना बाहेर काढते तसे टाकले असतील तरी घाबरू नका, बुकिंगचा मेल आणि नवीन फ्लाइटचा मेसेज चालतो, बॅगेवरचा टॅग अजून निघाला नसेल तर त्याचाही फोटो काढा.

बँकेच्या रकान्यात लोक अडकतात. फॉर्ममध्ये आयबॅन नंबर, म्हणजे तिकडच्या पद्धतीचा खाते क्रमांक मागतात, आपल्या भारतातल्या खात्यांना आयबॅन नसतो. भावाचं जर्मनीतलं खातं द्या आणि आईबाबांनी सही केलेलं एका पानाचं पत्र जोडा की आमची रक्कम मुलाच्या खात्यात जमा करावी आणि आमच्या वतीने त्याने पत्रव्यवहार करावा, सोबत पासपोर्टची कॉपी. हे पहिल्याच मेलला जोडा, नाहीतर महिन्याभराने ‘तुम्ही प्रवासी नाही’ असं उत्तर येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

नाही म्हणाले किंवा गप्प बसले तर दोन महिने झाल्यावर जर्मनीत फुकटात मध्यस्थी मिळते. बर्लिनला श्लिष्टुंग्सश्टेले राइझे उंड फेरकेअर म्हणून संस्था आहे, विमान कंपनी तिची सभासद असेल तर तिथे ऑनलाइन अर्ज करायचा, सभासद नसेल तर तेच काम बुंडेसआम्ट फ्यूर युस्टिझ हे सरकारी ऑफिस करतं. भावाला जर्मन येत असेल तर हे त्याच्यासाठी एका संध्याकाळचं काम आहे. त्यानेही नाही झालं तर कोर्ट, आणि म्युनिक विमानतळाच्या केसेस एर्डिंगच्या छोट्या कोर्टात चालतात, तिथे असल्या केसेस रोजच्या आहेत. घाई नाही, जर्मनीत तीन वर्षांची मुदत असते, तीही ज्या वर्षी प्रवास झाला ते वर्ष संपल्यापासून मोजतात. पण मुदत आहे म्हणून ठेवून देऊ नका, ठेवून दिलेलं राहून जातं.

क्लेम कंपनीबद्दल माझं मत असं की आधी स्वतः, मग कंपनी. त्या कंपन्या वाईट नाहीत, काम करतात, पण मिळालेल्या रकमेतला पाव ते तिसरा हिस्सा घेतात, कोर्टात जायची वेळ आली तर अजून जास्त, म्हणजे १२०० मधले तीनशे-चारशे युरो एका फॉर्मसाठी. तुमची केस इतकी सरळ आहे की पहिला मेल तरी स्वतः करावा. विमान कंपनीने दोनदा नकार दिला आणि भावाला वेळच नसेल तर मग खुशाल क्लेम कंपनीला द्या, काहीच न मिळण्यापेक्षा आठशे बरे. फक्त दोन्हीकडे एकदम देऊ नका, त्याने घोळ होतो.

आणि एक फार महत्त्वाचं, हे आईबाबांना नीट बसून सांग. गुगलवर एअरलाइनचा कस्टमर केअर नंबर शोधून फोन करू नका. तिथे खोटे नंबर असतात, समोरचा गोड बोलतो, रिफंड देतो म्हणतो, आणि आपला फोन त्याला दुरून चालवता येईल असं एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावून किंवा ओटीपी विचारून खातं रिकामं करतो. नंबर फक्त कंपनीच्या वेबसाइटवरचा किंवा तिकिटावरचा. भरपाई द्यायला कुणालाच ओटीपी लागत नाही. चुकून कुणी फसलंच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आता तुझी पुणे-नागपूर. इथे मला तुला आवडणार नाही असं उत्तर द्यावं लागतंय. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमात फ्लाइट नुसती लेट झाली तर पैशाची भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं, तो तुझा उपमा. सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, यातलं काय हवं ते तू ठरवायचं. रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणारी फ्लाइट सहा तासांच्या वर लेट झाली, किंवा कुठलीही चोवीस तासांच्या वर, तर हॉटेल. तुझे पाच तास म्हणजे उपम्यावर संपले. मला हे पटत नाही, पाच तास म्हणजे माणसाचा अर्धा दिवस, इंटरव्ह्यू, दहाव्याचे विधी, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, काय काय जातं, आणि आपल्याकडेही तासांवर पैसे हवेत असं मला मनापासून वाटतं, पण आज तरी नाहीत.

कॅन्सल झाली असती तर वेगळं होतं. किमान २४ तास आधी कळवलं नाही आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर रिफंड किंवा दुसरी फ्लाइट आणि वर भरपाई, तासाभराच्या फ्लाइटला ५,०००, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये. पण यात एक खोच आहे जी कुणी सांगत नाही. हे आकडे किंवा तुझं एका बाजूचं मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. तिकिटाचं मूळ भाडं २,८०० असेल तर २,८०० च मिळणार. बोर्डिंग नाकारलं, म्हणजे जास्त तिकिटं विकली आणि तुला चढू दिलं नाही, तर एका तासाच्या आत सुटणारी दुसरी फ्लाइट दिली तर काही नाही, २४ तासांच्या आत दिली तर भाड्याच्या दुप्पट पण १०,००० पर्यंत, त्यानंतर दिली तर चौपट पण २०,००० पर्यंत.

अजून एक, आणि यात आपल्याकडची कितीतरी माणसं मार खातात. बुकिंग करताना प्रवाशाचा धड संपर्क दिलेला नसेल तर कॅन्सलची भरपाई मिळत नाही. एजंट स्वतःचाच मोबाइल टाकतो, मेसेज त्याला जातो, तो गावाला गेलेला असतो, आणि आजोबा पहाटे चारला विमानतळावर उभे. एजंटकडून तिकीट काढलंस की पीएनआर टाकून स्वतःचा नंबर आणि मेल तिथे आहे का बघ, नसेल तर घाल.

पाच तासांमुळे तुझं खरंच काही मोठं नुकसान झालं असेल तर आधी कंपनीला लेखी, मग एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि शेवटी ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून तू राहतेस त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, दोन वर्षांची मुदत. पण नुकसान दाखवावं लागतं, नुसता कंटाळा आला म्हणून तिथे फार मिळेल असं मी सांगणार नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलं लंडनला असतील तर ब्रिटनने बाहेर पडल्यावर तोच नियम स्वतःचा करून ठेवलाय, हीथ्रो-मुंबईला चार तासांच्या वर उशीर झाला तर ५२० पाऊंड. अमेरिकेतून येणाऱ्यांना मात्र लेट फ्लाइटचे असे ठरलेले पैसे तिथल्या कायद्यात नाहीत, आणि एकाच बुकिंगवर युरोपमार्गे भारतात येत असाल तरी युरोपचा हा नियम लागत नाही, कारण तो प्रवास युरोपात सुरूही होत नाही आणि संपतही नाही.

तर आज रात्री भावाशी बोल, पीएनआर एकच आहे ना ते बघ, आईची पर्स उघड, आणि पत्रावर दोघांच्या सह्या घे. बाबांना आधी सही करा म्हणू नकोस, आईची घे, ती केलेली बघून ते करतील. चौदा दिवसांनी कंपनीचं जे उत्तर येईल ते मला पाठव, नकार आला तर पुढचा मेल आपण मिळून लिहू.